स्वायत्तता की कोंडवाडा?

२८ सप्टेंबर २०२३ रोजी नागोर्नो-काराबाखचे अध्यक्ष सामवेल शाहरामान्यान या गृहस्थांनी एका फर्मानावर सही केली आणि आपले प्रजासत्ताक १ जानेवारी २०२४ पासून अस्तित्वात राहणार नाही, असे जाहीर करून टाकले. आपल्याच राज्याच्या तेराव्याची तारीख आपल्याच हाताने मुक्रर करणारा असा राज्यप्रमुख इतिहासात हुडकूनच काढावा लागेल. इकडे सही होत होती आणि तिकडे नागोर्नो-काराबाखच्या डोंगरातून लाचिनच्या एकुलत्या एका रस्त्याने मोटारी, ट्रॅक्टर आणि मालट्रकांची रांग आर्मेनियाकडे सरकत होती. २५ तारखेला स्तेपानाकेर्तजवळच्या डेपोवर पेट्रोलसाठी गर्दी झाली, तिथे स्फोट होऊन दोनशेहून अधिक माणसे गेली; उरलेली तरीही निघालीच. आठवडाभरात एक लाखावर लोकांनी पिढ्यानपिढ्यांची घरे सोडली. आणि जग? जगाने तीव्र चिंता व्यक्त केली. चिंता व्यक्त करायला पेट्रोल लागत नाही.

या विषयावर देशोदेशीच्या पत्रपंडितांचे एक पालुपद ठरलेले आहे : हे दोन जमातींचे शतकानुशतकांचे वैर, त्याला कोण काय करणार! आम्ही हे साफ नाकारतो. 'शतकानुशतकांचे वैर' ही कालपरवाच्या गुन्हेगारांना सोडवून नेण्यासाठी केलेली वकिली आहे. डोंगरातला आर्मेनियन शेतकरी आणि मैदानातला तुर्की भाषक मुसलमान पशुपालक यांच्यात कुरबुरी होत्या, १९०५ साली दंगली झाल्या, मार्च १९२० मध्ये शुशा शहराचा आर्मेनियन भाग जाळून बेचिराख केला गेला; यातले काहीही लपवण्याचे कारण नाही. पण १९२३ नंतर ज्या कोंडवाड्यात या दोघांना बांधून घालण्यात आले, तो काही डोंगरांनी बांधला नव्हता. त्याला बांधणारे हात होते, त्या हातांच्या मालकांची नावे दप्तरी आहेत आणि बैठकीची तारीखसुद्धा.

तारीख एक नव्हे, दोन. ४ जुलै १९२१ रोजी तिफ्लिसमध्ये रशियन कम्युनिस्ट पक्षाच्या कॉकेशस ब्यूरोची बैठक भरली आणि डोंगराळ काराबाख, म्हणजेच नागोर्नो-काराबाख, आर्मेनियाला जोडावा असे बहुमताने ठरले. अझरबैजानचे नेते नरिमान नरिमानोव यांनी कडाडून विरोध केला. ५ जुलै उजाडली. गाव तेच, मंडळी तीच, निर्णय मात्र नेमका उलटा : काराबाख अझरबैजानमध्येच राहील, त्याला व्यापक प्रादेशिक स्वायत्तता मिळेल. कारणे दिली गेली ती अशी की मुसलमान आणि आर्मेनियन यांच्यात सलोखा हवा आणि वरचा काराबाख व खालचा काराबाख यांचे आर्थिक धागे तुटू नयेत. स्तालिन तेव्हा तिफ्लिसमध्येच होता. रात्रीत कोणी कोणाचा कान धरला यावर इतिहासकारांनी शंभर वर्षे शाई खर्च केली आहे. कोणी बाकूच्या तेलाकडे बोट दाखवतो, कोणी तुर्कस्तानच्या मर्जीकडे, कोणी फोडा आणि झोडा या जुन्या नीतीकडे.

आम्हाला तो वाद दुय्यम वाटतो. काराबाख कोणाकडे जावा, याला दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होते. डोंगरात दहांतले नऊ आर्मेनियन होते. पण त्या डोंगरावरच्या कुरणांत उन्हाळ्यात खालच्या मैदानातले कळप चढत, आणि बाजाराच्या वाटा बाकूकडे उतरत. सभ्य माणसांनी बसून यातून काहीतरी मार्ग काढला असता. संतापजनक गोष्ट ही, की ज्यांचे भवितव्य एका रात्रीत इकडून तिकडे फिरले त्या सव्वा लाख माणसांपैकी एकालाही कोणी विचारले नाही. कामगार-शेतकऱ्यांच्या नावाने चाललेल्या राज्यात शेतकऱ्याचे मत चार जुलैलाही नको होते आणि पाच जुलैलाही नको होते.

पुढे दोन वर्षांनी, ७ जुलै १९२३ रोजी, बाकूच्या हुकमाने डोंगराळ काराबाखचा स्वायत्त प्रांत जन्माला आला. खानकेंदी या गावाला बाकूचे क्रांतिकारक स्तेपान शौम्यान यांचे नाव देऊन स्तेपानाकेर्त ही राजधानी ठरली. क्षेत्रफळ सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर. नकाशा पाहिला की कारागिरी ध्यानात येते. उत्तरेकडचा शौम्यान हा आर्मेनियन वस्तीचा भाग सीमेबाहेर ठेवला आणि पश्चिमेला आर्मेनिया व हा प्रांत यांच्यामध्ये लाचिनची चिंचोळी पट्टी सोडली. डोळ्यांसमोर आर्मेनिया दिसावा आणि पाय मात्र लागू नये, अशी ती रचना. त्याच मधल्या मुलखात काही वर्षे 'लाल कुर्दिस्तान' नावाचा आणखी एक प्रयोग मांडला आणि १९२९ मध्ये मोडूनही टाकला. तिथल्या कुर्दांना मांडताना विचारले नाही, मोडताना विचारले नाही.

आता या स्वायत्ततेत होते काय? कागदावर सगळे होते. स्वतःचे सोव्हिएत होते, कार्यकारिणी होती, आर्मेनियन भाषेतल्या शाळा आणि वर्तमानपत्र होते, मॉस्कोच्या राष्ट्रीयत्व सभागृहात पाच प्रतिनिधी होते. मात्र पैसा बाकूहून यायचा, योजना बाकूत ठरायची, पक्षाचा सचिव बाकूच्या पसंतीचा असायचा. १९७०च्या दशकाच्या मध्यापासून १९८८ पर्यंत बोरिस केव्होर्कोव या आर्मेनियन गृहस्थांनी हे पद भूषवले आणि आपल्याच लोकांच्या तक्रारी आपल्याच टाचेखाली दाबण्याची कामगिरी इमानाने बजावली. रेशीम आणि द्राक्षे इथली; त्यांचा हिशेब मात्र बाकूच्या वह्यांत. १९२६ मध्ये इथे दहांत नऊ आर्मेनियन होते, १९७९ पर्यंत ते प्रमाण चारांत तीनवर आले. हा केवळ काळाचा महिमा म्हणावा, तर १९६९ ते १९८२ या काळात अझरबैजानची सूत्रे ज्यांच्या हाती होती त्या हैदर अलीयेव यांनी २००२ साली स्वतःच सांगून टाकले की लोकसंख्येचा तोल अझरबैजान्यांच्या बाजूने झुकवण्याचे प्रयत्न आपण केले. नाखिचेवानमधले आर्मेनियन कसे जवळजवळ नाहीसे झाले, ते काराबाखच्या लोकांनी पाहिलेलेच होते.

पण थांबा. आर्मेनियन दुःखाची ही कैफियत ऐकून ज्यांचे डोळे पाणावतात, त्यांना आमचा एक प्रश्न आहे. त्याच काळात आर्मेनियात शेकडो गावांतून राहणाऱ्या लाखाहून अधिक अझरबैजान्यांना कोणती स्वायत्तता मिळाली होती? कसलीच नाही. १९४८ नंतर त्यांतल्या हजारोंना 'स्वेच्छेने' कापसाच्या मैदानात पाठवले गेले, तेव्हा येरेवानमधल्या किती शहाण्यांनी तोंड उघडले? सोव्हिएत व्यवस्थेत प्रत्येकाला कोणाच्या तरी डोक्यावर बसवलेले होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर कोणीतरी बसलेला होता. अशा रचनेत शेजाऱ्याचा द्वेष शिकवावा लागत नाही.

आता त्याच १९२१ सालातली दुसरी गोष्ट ऐका. ती सहसा कोणी या गोष्टीशेजारी ठेवून सांगत नाही. बाल्टिक समुद्रात ओलांड नावाचा बेटांचा समूह आहे. रहिवासी स्वीडिश भाषक, राज्य फिनलंडचे. लोकांना स्वीडनमध्ये जायचे होते. त्यांनी अर्ज केले, सह्या गोळा केल्या. प्रकरण राष्ट्रसंघापुढे गेले आणि २४ जून १९२१ रोजी, म्हणजे तिफ्लिसच्या त्या बैठकीच्या जेमतेम दहा दिवस आधी, निकाल लागला : बेटे फिनलंडचीच. ओलांडवासी हरले. काराबाखच्या आर्मेनियनांसारखेच हरले. मग आज ओलांडमधून निर्वासितांच्या रांगा का निघत नाहीत? कारण निकालाबरोबर हमी आली. शाळा स्वीडिशच राहतील, जमीन बाहेरच्यांच्या हाती सरसकट जाणार नाही, बेटांवर लष्करी तटबंदी होणार नाही. तक्रार असेल तर ती राष्ट्रसंघाकडे नेता येईल. आणि मुख्य म्हणजे, ओलांडच्या विधिमंडळाने होकार दिल्याशिवाय हेलसिंकीच्या संसदेला स्वायत्ततेच्या कायद्यातला एक शब्द बदलता येणार नाही. राष्ट्रसंघ कधीच मातीत गेला. ती तरतूद अजून जिवंत आहे.

हाच तो फरक, आणि आमचे सगळे म्हणणे याच्याभोवती आहे. जो देतो त्यालाच काढून घेता येते, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच दारात ती नोंदवावी लागते, त्या व्यवस्थेला स्वायत्तता म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे. तिच्यात खाणेपिणे मिळत असेल, शाळा असतील, वर्षाला एखादा नृत्यमहोत्सवही होत असेल. दार मात्र बाहेरून लावलेले असते.

ते दार वाजवून पाहण्याचा दिवस २० फेब्रुवारी १९८८ रोजी उगवला. प्रांताच्या सोव्हिएतने ११० विरुद्ध १७ मतांनी ठराव केला की आम्हाला अझरबैजानमधून काढून आर्मेनियात घाला. बंदूक नाही, बॉम्ब नाही. व्यवस्थेनेच दिलेल्या सभागृहात, व्यवस्थेनेच छापलेल्या नियमांनी केलेला ठराव. पासष्ट वर्षांत या शोभेच्या सभागृहाने पहिल्यांदाच सभागृहासारखे काम केले, आणि मॉस्कोची पाचावर धारण बसली! ग्लासनोस्तचे गोडवे गाणाऱ्या गोर्बाचोव्हच्या पॉलिटब्यूरोला त्यात अतिरेक्यांचा डाव दिसला. तिकडे दोन अझरबैजानी तरुण आस्केरानजवळच्या चकमकीत मारले गेल्याची बातमी पसरली आणि २७ ते २९ फेब्रुवारी या तीन दिवसांत बाकूजवळच्या सुमगाइत या कारखान्यांच्या शहरात आर्मेनियनांना घराघरांतून ओढून मारण्यात आले. सरकारी आकडा ३२ मृतांचा. दंगलखोर मोकळे फिरत असताना तिथली पोलीस यंत्रणा कुठे होती? सरकारी उत्तर असे की गुंडांनी गोंधळ घातला. खटले तुकड्या तुकड्यांनी निरनिराळ्या न्यायालयांत चालवले, म्हणजे संपूर्ण चित्र एका जागी कोणाला दिसू नये.

मॉस्कोने नकार दिला तो राज्यघटनेच्या आधाराने. १९७७च्या घटनेचे ७८वे कलम सांगत होते की कोणत्याही संघ-प्रजासत्ताकाची सीमा त्याच्या संमतीवाचून बदलणार नाही. म्हणजे बाकूच्या जाचातून सुटण्यासाठी बाकूचीच परवानगी! ७२व्या कलमाने बाहेर पडण्याचा हक्क दिला होता, पण तो संघ-प्रजासत्ताकांना. काराबाखसारख्या प्रांतांना नाही. जानेवारी १९८९ मध्ये अर्कादी व्होल्स्की यांच्या समितीकडे कारभार देऊन मॉस्कोने प्रांत थेट आपल्या ताब्यात घेतला आणि नोव्हेंबरमध्ये कंटाळून परत बाकूच्या हवाली केला. ३ एप्रिल १९९० रोजी एक कायदा आला : प्रजासत्ताक संघातून बाहेर पडत असेल तर त्यातल्या स्वायत्त प्रांतांना आपले वेगळे ठरवता येईल. वाहवा! घर पेटून दोन वर्षे झाल्यावर बादलीची निविदा निघाली. तोवर बाकूतल्या आर्मेनियनांची वाताहत झाली होती. २० जानेवारी १९९० रोजी सोव्हिएत रणगाड्यांनी बाकूच्याच नागरिकांवर गोळ्या झाडल्या होत्या आणि शंभराहून अधिक माणसे मारली होती. आर्मेनियातल्या अझरबैजान्यांनाही हुसकून लावून झाले होते. १९९१च्या वसंतात तर सोव्हिएत सैन्य आणि अझरबैजानी पोलीस हातात हात घालून आर्मेनियन गावे रिकामी करत फिरत होते. २६ नोव्हेंबर १९९१ रोजी बाकूच्या कायदेमंडळाने तो स्वायत्त प्रांतच रद्द केला. अडुसष्ट वर्षांची 'व्यापक स्वायत्तता' एका ठरावात गेली. ओलांडमध्ये हे घडू शकले असते काय?

मग युद्ध. इथे आर्मेनियन बाजूच्या भक्तांनी कान उघडे ठेवावेत. २५-२६ फेब्रुवारी १९९२च्या रात्री खोजालीतून जीव घेऊन पळणाऱ्या शेकडो अझरबैजानी नागरिकांची कत्तल झाली. त्यांत बायका होत्या, पोरे होती. त्यानंतर लाचिन गेले, केल्बाजार गेले, आगदाम गेले. स्वायत्त प्रांताच्या सीमेबाहेरचे सात जिल्हे, जिथे आर्मेनियन औषधालाही नव्हते, पूर्णपणे वा अंशतः आर्मेनियन फौजांनी व्यापले. पाच लाखांहून अधिक अझरबैजानी बेघर झाले. आगदाम शहराची वीट न् वीट विकली गेली. उभी राहिली ती मशीद, आणि तिच्यात गुरे बांधली गेली. १९९३ मध्ये सुरक्षा परिषदेने माघारीचे चार ठराव केले. येरेवान आणि स्तेपानाकेर्तमधल्या विजयवीरांनी त्यांना केराची टोपली दाखवली. स्वतःसाठी स्वयंनिर्णय मागणाऱ्यांनी दुसऱ्याच्या गावांवर 'सुरक्षा पट्टा' अशी पाटी लावली आणि पुढली २६ वर्षे तो पट्टा सौद्याचे नाणे आहे, सौदा करू, सौदा करू म्हणत ते नाणे मुठीत घामेजवले. शेवटी ना नाणे राहिले, ना सौदा.

मध्यस्थांची कथा सांगण्यात वेळ घालवत नाही. फ्रान्स, रशिया आणि अमेरिका यांच्या अध्यक्षतेखालच्या मिन्स्क गटाने तीन दशके विमानप्रवास केला आणि २०२५ मध्ये तो गुंडाळला गेला.

२०२०च्या शरद ऋतूत ४४ दिवसांच्या युद्धात तुर्की ड्रोनच्या साह्याने बाकूने बहुतेक सगळे परत मिळवले. रशियाचे १,९६० शांतिसैनिक आले. १२ डिसेंबर २०२२ पासून लाचिनचा रस्ता अडवला गेला. दुकाने रिकामी झाली, औषधे संपली. रस्ता खुला करा, असा आदेश आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०२३ रोजी दिला. शांतिसैनिकांनी शांतपणे पाहिले. १९ सप्टेंबरला हल्ला झाला, चोवीस तासांत शरणागती, आणि मग ती रांग. बाकूचे म्हणणे, आम्ही कोणाला हाकलले नाही, ते आपणहून गेले. नऊ महिने उपाशी ठेवून, वर तोफा डागून, दार उघडे ठेवले आणि म्हणायचे आपणहून गेले! १९४८ मध्ये आर्मेनियातून निघालेले अझरबैजानीही असेच 'आपणहून' गेले होते. अध्यक्ष इल्हाम अलीयेव यांना हा वारसा कोणाकडून आला ते त्यांनीच तपासावे.

आता जरा आपल्या अंगणात. महाराष्ट्रातल्या डाव्या अभ्यासवर्गांत सोव्हिएत संघाने राष्ट्रीयत्वाचा प्रश्न कायमचा सोडवला, हे धडे घोकून घेतले जात. बर्लिनमध्ये रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवलेल्या, मेरठ खटल्यात तुरुंग भोगलेल्या डॉ. गंगाधर अधिकारी यांच्यासारख्या व्युत्पन्न माणसाने १९४२ मध्ये त्याच साच्यातून हिंदुस्थानच्या राष्ट्रीयत्वांचा प्रबंध काढला आणि कम्युनिस्ट पक्षाने तो स्वीकारला. अधिकारींच्या त्यागापुढे आम्ही मान लववतो. पण ज्या देशात काराबाखच्या शेतकऱ्याला साधा अर्ज करायची चोरी होती, त्या देशातून स्वयंनिर्णयाचे सूत्र आयात करताना कोणी तिथल्या शेतकऱ्याला जाऊन विचारले होते काय? १९८८ नंतर त्या पाठ्यपुस्तकांचे काय झाले? ती गुपचूप माळ्यावर गेली. जाहीर हिशेब कोणी दिला नाही.

उजवीकडच्यांनी हसू नये. त्यांना काराबाख कळला तो पिनाकमुळे. पुण्याच्या पाषाणमधल्या आयुध संशोधन संस्थेत घडलेली ही अग्निबाणांची प्रणाली आर्मेनियाने विकत घेतली, पलीकडच्या बाजूला तुर्कस्तान आणि पाकिस्तान उभे आहेत, एवढ्या भांडवलावर आमचे वाहिनीवीर रातोरात आर्मेनियाचे आप्त झाले. आणि त्यांतलेच काही, उद्या एका तडाख्यात प्रश्न सोडवण्याची गोष्ट निघाली की बाकूच्या चोवीस तासांची तारीफ करतात. बाबांनो, एकाच तोंडाने पीडिताला मिठी आणि पीडकाला सलाम, हे कोणते धोरण?

८ ऑगस्ट २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये आर्मेनिया आणि अझरबैजान यांनी शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षरे केली. तोफा थांबत असतील तर आम्ही त्याचे स्वागतच करू. पण तो मसुदा वाचून पाहा : काराबाखमधून गेलेल्या एक लाख आर्मेनियनांच्या परतीचे कलम त्यात नाही आणि १९८८ मध्ये आर्मेनियातून हाकललेल्या अझरबैजान्यांच्या परतीचेही नाही. दोन सरकारांनी एकमेकांचे निर्वासित एकमेकांना माफ करून टाकले! हे असे माफ करण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला? १९२१ मध्ये तिफ्लिसला जे घडले तेच इथे घडले आहे. टेबल तेवढे अधिक गुळगुळीत आहे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने बाकूला बजावले आहे की गेलेल्यांना सुरक्षितपणे, विनाअडथळा परतता आले पाहिजे. तो आदेश कराराच्या अंगात शिरला पाहिजे आणि त्याच मापाने आर्मेनियातल्या अझरबैजान्यांनाही लागू झाला पाहिजे. परतणाऱ्याची शाळा, त्याची जमीन, त्याचे चर्च किंवा त्याची मशीद यांची हमी अशा ठिकाणी नोंदवली पाहिजे, जिथून ती बाकूला किंवा येरेवानला एकट्याने पुसता येणार नाही. बाकूच्या तुरुंगातल्या काराबाखी नेत्यांना सोडले पाहिजे. नाखिचेवानच्या जुल्फा दफनभूमीतले शेकडो कोरीव क्रूसशिल्पांचे दगड २००५ मध्ये फोडून नदीत लोटले, तशी पाळी शुशाच्या आणि गावोगावच्या चर्चवर येऊ नये म्हणून परक्या पाहणाऱ्यांना आत जाऊ दिले पाहिजे.

यात दिल्लीचा काय संबंध, असे कोणी म्हणू नये. येरेवानला आपण अग्निबाण विकतो. बाकूसमोरच्या कॅस्पियन समुद्रातल्या तेलक्षेत्रात आणि तिथून भूमध्य समुद्राकडे जाणाऱ्या नळवाहिनीत आपल्या ओएनजीसी विदेश या सरकारी कंपनीचा हिस्सा आहे. दोन्ही घरांत आपली ऊठबस आहे, दोन्हींकडून आपल्या तिजोरीत पैसा येतो. परराष्ट्र खात्याने या दोन्ही राजधान्यांत न्यायालयाच्या त्या आदेशाची प्रत टेबलावर ठेवून परतीची तारीख विचारावी, आणि काय उत्तर आले ते संसदेत सांगावे.